पाण्याकडे पाठ

पाखरं दाखवायला आलेला माणूस पाखरांकडेच पाठ करून उभा राहतो, असा दुसरा कोणी मी पाहिला नाही. धरणातल्या बेटावर नाशिकची दहा-बारा माणसं पोत्यांवर बसलेली असायची, तोंडं पाण्याकडे. त्यांच्यापुढे ओझरवाले उभे, तोंड माणसांकडे. मान न वळवता सांगायचे, "माझ्या डाव्या खांद्यावरून वाकडी बाभूळ दिसते? तिच्या बुडाशी बघा. लांब शेपटीची बदकं आहेत, सहा." माणसं दुर्बिणी लावायची आणि सहाच निघायची. मग एकमेकांकडे बघत बसायची. कोणी म्हणायचं, सिद्धी आहे. कोणी म्हणायचं, पंचवीस वर्षांचा अभ्यास आहे. सिद्धी नव्हती. खरं काय होतं ते मला माहीत होतं, कारण त्यात माझाही हात होता.

आम्ही निफाडच्या बाजूला, गोदावरीच्या धरणाच्या काठाला राहतो. मासे धरणं हा घरचा धंदा. पाणी भरलं की काठापासून थोडं आत एक टेकाड उघडं राहतं, पंधरा-वीस बाभळी आणि दगड. त्यालाच नाशिकची माणसं बेट म्हणायची. आमची शेरडं उन्हाळ्यात तिथे चरायला जायची, पण बेट म्हटलं की माणसांना लांब आल्यासारखं वाटत असावं.

ओझरवाले पहिल्यांदा आले ते पंच्याण्णव-शहाण्णव साली, दिवाळी झाल्यावर. ओझरच्या विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, म्हणून हे नाव. तोंडावर आम्ही साहेब म्हणायचो. गळ्यात दुर्बीण, हातात वही. दोन दिवस काठानं हिंडले आणि लिहीत राहिले. आमच्या मालकांना घोर लागला. "हा पाटबंधाऱ्याचा माणूस हाय. घरं मोजतोय. आपल्याला उठवणार." तिसऱ्या दिवशी मी सरळ जाऊन विचारलं, काय लिहिता. त्यांनी वही पुढे केली. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे, तेवढं वाचता येतं. बदकांची नावं होती आणि पुढे आकडे. घरी येऊन मालकांना सांगितलं, घरं मोजत नाही, बदकं मोजतोय. मालक म्हणाले, "मग तर पक्का सीआयडी."

पुढच्या वर्षापासून ते माणसं आणायला लागले. दिवाळीनंतर दोन महिने, एका आड एक शनिवार. नाशिकहून ट्रॅक्स जीप यायची. माणसं आमच्या ओसरीत आणि अंगणातल्या मांडवात झोपायची, रविवारी उजाडता उजाडता मालकांच्या होडीतून बेटावर जायची, दुपारी माझ्या हातचं जेवून परत. बँकेतले एक जण होते, दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, शाळेतली मंडळी असायची. घरच्या गाद्या सोडून इथे थंडीत कुडकुडत बदकं बघायची आणि खायची मात्र नाहीत. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "बघून झाल्यावर काय करता?" त्या म्हणाल्या, "घरी जाऊन यादी करतो." यादीचं काय करता, हे विचारायचं राहून गेलं. ते कोडं अजून तसंच आहे.

ओझरवाल्यांचा नियम होता, भडक कपडे घालायचे नाहीत. एक बाई लाल स्वेटर घालून आल्या तर त्यांना वरून पोतं पांघरायला लावलं. त्या बाईंनी रागानं माझ्या पोपटी लुगड्याकडे बोट केलं. मी म्हटलं, "पाखरं मला ओळखतात. तुम्हाला नाय ओळखत." ओझरवाले हसले आणि म्हणाले, "वहिनींचं बरोबर आहे." मला ते वहिनी म्हणायचे, मालकांना भाऊ मानलं होतं म्हणून. बाकी सगळे मावशी म्हणायचे, माझ्याहून म्हातारे असले तरी.

ही बदकं हिमालयाच्या पलीकडून येतात असं ते सांगायचे. मी ते खोटं धरून चालले होते. माझा धाकटा दीर मनमाडला रेल्वेत आहे, त्याला गावी यायला जमत नाही, आणि ही मूठभर पाखरं हिमालय ओलांडून येणार. मी म्हटलं, "एवढ्या लांबून येतात तर आमच्या या गढूळ पाण्यात कशाला?"

"तिकडे पाणी गोठतं, वहिनी. खायला मिळत नाही."

"मग इथं पोट भरतंय तर परत का जातात?"

"घर तिकडे आहे."

"उपाशी मारतं ते कसलं घर?"

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "हे मलाही नीट कळलेलं नाही." एवढा शिकलेला माणूस असं म्हणाला, तेव्हा मी त्यांचं थोडंफार खरं मानायला लागले.

तिसऱ्या वर्षी मला त्यांच्या चालण्यात फरक दिसला. शेरडाच्या दाव्याला पाय अडकायचा. होडीत चढताना पायानं काठ चाचपायचे. ताट समोर ठेवलं तर दिसायचं, बाजूला ठेवलं तर हात हवेत फिरायचा. मला वाटलं, घेत असतील. पण वास येत नव्हता. एका शनिवारी माणसं काठावर गेली होती आणि ते ओसरीत एकटे बसले होते. मी चहाचा कप त्यांच्या उजव्या खांद्याजवळ धरला आणि गप्प उभी राहिले. ते समोर बघत बसले. चहावर साय धरली तरी बसलेच.

"साहेब, तुम्हाला दिसत नाय."

ते दचकले नाहीत. "कडेचं दिसत नाही. समोरचं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. काचबिंदू आहे. नळी बारीक होत चालली आहे."

"मग ती दुर्बीण कशाला?"

"गळ्यात दुर्बीण नसली तर माझ्यामागून कोण येईल?"

"सांगून टाका लोकांना."

"लोकांना सांगितलं की मुलाला कळेल. त्याची आई रस्ता ओलांडताना गाडीखाली गेली. तेव्हापासून मी भाजी आणायला गेलो तरी तो घड्याळ बघतो. डोळ्यांचं कळलं तर जिन्याखाली उतरू देणार नाही. वर्षाचे हे दोन महिने माझे आहेत, वहिनी. बाकीचे दहा मी गॅलरीत काढतो."

मला दया आली असं मी म्हणणार नाही. मला राग आला. असा माणूस माझ्या नवऱ्याच्या होडीत चढतो, उद्या बुडाला तर नाव आमचं. पण ते आले नाहीत तर माणसं येणार नाहीत, आणि ते दोन महिने आमच्याही चुलीचे होते. मी म्हटलं, "मला काय दिसतं ते मी सांगू का?"

पहिल्या दिवशी मी सांगितलं, "बदकं हायत." कसली, तर बदकासारखी. ते म्हणाले, "नाव नंतर. आधी काय दिसलं ते सांगा." कारखान्यात ते विमानाचे सुटे भाग तपासायचे. "भाग चांगला आहे असं आम्ही कधी लिहिलं नाही, वहिनी. मापात जेवढा भरला तेवढं लिहायचं. चांगला की वाईट ते माप सांगतं." मग मी मापानं सांगायला लागले. चोच उलथन्यासारखी चपटी. ते म्हणायचे, थापट्या. शेपूट दाभणासारखं वर. तलवार बदक. अंग नव्या गुळाच्या रंगाचं आणि डोकं पिठात बुडवून काढल्यासारखं. तो चक्रवाक. काही दिवसांनी ते बेटावर सांगायला लागले, "पिठात बुडवलेलं डोकं बघा," आणि माणसं ते वहीत लिहून घ्यायला लागली. माझ्या स्वयंपाकघरातली भांडी नाशिकच्या वह्यांत गेली.

रीत अशी बसली. रविवारी पहाटे माणसं दात घासत असताना मी मालकांबरोबर जाळी काढायला जायचे. येता येता टेकाडाला वळसा घालून बघून घ्यायचे आणि चुलीपाशी बसून ओझरवाल्यांना सांगायचे, कोणत्या बाभळीशी काय, कोणत्या दगडापाशी किती. मग सगळ्यांबरोबर मीही चहाची किटली घेऊन बेटावर. माणसांच्या मागे मी बसायची, तोंड पाण्याकडे. म्हणून ते तोंड माझ्याकडे करून उभे राहायचे. पाखरं काही सांगितल्या जागी बसून राहत नाहीत. उठली, सरकली की मी चमचा किटलीवर आपटायची. ते म्हणायचे, "थांबा, चहा घेऊ." कप भरता भरता मी हळूच नवीन जागा सांगायची. त्यांना साखरेचा आजार होता, चहा चालत नव्हता. कप घेऊन बाभळीमागे जायचे आणि ओतून यायचे. त्या बाभळीच्या बुडाला मुंग्यांचं वारूळ झालं.

पुढे ती नळी बंदच होत आली. कान मात्र तिखट होते. डोक्यावरून थवा गेला तर पंखांच्या आवाजावरून कोण ते सांगायचे, आणि ते मी शिकवलेलं नव्हतं.

माणसांनी या पाठ करण्याचा वेगळाच अर्थ लावला. डॉक्टरीणबाईंनी कुठल्याशा अंकात लिहिलं की आमचे सर स्वतः पक्षी बघत नाहीत, आम्हाला बघू देतात, केवढी ही निरिच्छ वृत्ती. ते त्यांनी ओसरीत बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. ओझरवाले शेजारीच होते. त्यांचे कान लाल झाले. माणसं गेल्यावर मी विचारलं, "आपण फसवतोय का यांना?"

"पाखरं खरी आहेत ना?"

पाखरं खरी होती. तरी मला ते पटलं नाही. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "त्यांना बदकं दिसली, आपल्याला रोजगार मिळाला. फसलं कोण ते तू सांग." पण गोष्ट सरळ नव्हती एवढं वाटत राहिलं.

असं पाच वर्षं चाललं. सहाव्या वर्षी कार्तिकात एका शनिवारी जीपमधून त्यांचा मुलगा उतरला. वडिलांना आधी सांगितलं नव्हतं. तो बोलायला चांगला, गळ्यात कॅमेरा. पण बघत होता ते वडिलांच्या पायांकडे. रविवारी पहाटे मी होडीकडे निघाले तेव्हा ओझरवाले चुलीपाशी येऊन बसले होते. म्हणाले, "आज चूक नको, वहिनी."

"माझ्याकडून नाय व्हायची," मी म्हटलं. तोवर मला माझा गर्व झाला होता.

पाण्यावर धुकं होतं. मोठ्या दगडाच्या पलीकडे काळी रांग दिसली, प्रत्येकाच्या माथ्यावर पांढरा ठिपका. जवळ जायची मला गरज वाटली नाही. परत येऊन सांगितलं, "दगडाच्या पलीकडं चांदवे हायत. पंचवीस-तीस." चांदवा म्हणजे काळं पाणपाखरू, कपाळावर पांढरा टिळा असतो. मी आधी नावच सांगितलं. इतक्या वर्षांत नावं पाठ झाली होती आणि ती तोंडून गेली की बरं वाटायचं. एरवी त्यांनी टोकलं असतं. त्या दिवशी त्यांचे कान मुलगा उठला का याच्याकडे होते. "ठीक," म्हणाले.

बेटावर सगळे बसले. ओझरवाले नेहमीसारखे पाठ करून उभे राहिले. "दगडाच्या पलीकडे बघा. चांदवे, पंचवीसच्या पुढे. काळे, कपाळावर पांढरा टिळा." माणसांनी लिहून घेतलं. तेवढ्यात धुकं उचललं.

ते डबे होते. ऑइलचे रिकामे काळे डबे, झाकणं पांढरी. समोरच्या काठावरच्या माझ्या चुलतदिरानं रात्री नवं जाळं टाकलं होतं आणि ते तरंगत राहावं म्हणून डबे बांधले होते. आम्ही थर्माकोल बांधतो, त्याला डबे मिळाले असतील. तीस वर्षं जाळी टाकणाऱ्या घरातली बाई मी. पाखरं बघायला शिकायच्या आधी मी धुक्यातूनसुद्धा सांगितलं असतं की हे जाळं आहे.

मी चमचा आपटला. आवाज फार मोठा झाला. ओझरवाले म्हणाले, "थांबा, चहा..."

"चहा नंतर, बाबा," मुलगा म्हणाला. "एकदा वळून बघा ना. काय आहे ते सांगा."

तिथे तिकाटण्यावर मोठी दुर्बीण लावलेली होती. ओझरवाले वळले, हातानं चाचपत तिच्यापाशी गेले आणि डोळा लावून उभे राहिले. बेटावर त्यांची पाठ मी पाच वर्षांत पहिल्यांदा पाहिली. मग बँकवाले हसायला लागले. "अहो, सर परीक्षा घेतायत आपली. डबे आहेत ते, डबे. आणि आपण शहाणे, लिहूनसुद्धा घेतले." सगळे हसले. डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. मुलगासुद्धा अर्धा हसला. पकडलंत मला, एवढं म्हटलं असतं तरी सगळं निभावलं होतं. मी मनात म्हणत होते, म्हणा, म्हणून टाका.

ते दुर्बिणीपासून बाजूला झाले. "परीक्षा नाही. मला ते चांदवेच वाटले. मला दिसत नाही. पाच-सहा वर्षं झाली."

मुलाचा चेहरा उतरला. "मग इतकी वर्षं दाखवलंत कसं?"

माझा हात किटलीवर होता. ते माझ्याकडे तोंड करून उभे होते. "ऐकून," एवढंच म्हणाले.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. सरपंचापासून सासूपर्यंत मी कोणापुढे तोंड मिटून बसलेली नाही. तिथे बसले. का बसले याचा मी पुष्कळ विचार केला. भीती म्हणावी तर माझं काय जाणार होतं.

होडीत चढताना मुलानं त्यांचा दंड धरला तो काठाला लागेपर्यंत सोडला नाही. जीपमध्ये सामान ठेवायला तो गेला तेवढ्यात ते ओसरीत मला म्हणाले, "आज तुम्ही नाव आधी सांगितलंत."

"हो. चुकले."

"मी चालवून घेतलं. तपासणाऱ्याची चूक मोठी."

"ते राहू द्या. हसून सोडून द्यायचं की. लोकांनी वाट करून दिली होती."

"त्यांनी डबे वहीत लिहिले होते, वहिनी. चांदवे म्हणून."

"मग? खोडले असते त्यांनी."

"परीक्षा होती म्हटलं असतं तर हे खोडले असते. पण मी मुद्दाम खोटंही सांगतो म्हटल्यावर आधीच्या सगळ्या पानांवर कोणाचा भरवसा राहतो? माझा तरी राहिला नसता."

एवढ्यासाठी हा माणूस आपले दोन महिने घालवून बसला. मला ते कारण तेव्हा पुरेसं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. जीप गेल्यावर मी मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "सीआयडीच होता तो, मी म्हणत होतो." आणि तोंड फिरवून जाळं विणायला बसले.

पुढची दिवाळी झाली, जीप आली नाही. एक दिवस मुलगा एकटाच आला. ओसरीत बसला, पाणी प्यायला. "बाबा पहाटे उठून बसतात. विचारतात, आज पाण्यावर काय असेल. मी पुस्तक वाचून दाखवतो तर म्हणतात, पुस्तकातलं नको." मग म्हणाला, "मावशी, जाळी काढायला तुम्ही जाता. तिथे काय दिसतं ते बाबांना फोनवर सांगाल का?" याला कोणी सांगितलं की यानं ओळखलं, मी विचारलं नाही. त्यानंही पुढे काही म्हटलं नाही. नंबर लिहून दिला.

मग दर रविवारी मी गावातल्या दुकानातून फोन लावायला लागले. आवाज नीट पोहोचायचा नाही, म्हणून ओरडून सांगायची, शेपूट दाभणासारखं, चोच चपटी. तंबाखू घ्यायला आलेली माणसं ऐकत उभी राहायची. दुकानदार म्हणायचा, "काकू, बदकाला डॉक्टरकडं न्यायचंय का?" ओझरवाले पलीकडून म्हणायचे, "नाव नंतर, वहिनी. रंग सांगा." दोन वर्षं असं चाललं.

तिसऱ्या वर्षी ते अंथरुणाला खिळले होते. पुढच्या उन्हाळ्यात गेले, मुलानं त्याच दुकानात फोन करून कळवलं. पण त्याआधी कार्तिकात मी केलेला एक फोन डोक्यातून जात नाही. त्या वर्षी पाऊस झाला नाही आणि होतं ते पाणी खाली सोडलं. दिवाळीला टेकाडापर्यंत पाय न भिजता चालत जाता येत होतं. पाखरू म्हणून नव्हतं. मी दुकानात जाऊन फोन लावला आणि सांगायला लागले, बाभळीशी तलवार बदकं, कडेनं थापटे, मधे चांदवे, आणि दगडापाशी चक्रवाक. मापं जमेनात, म्हणून नावंच सांगत सुटले. त्यांनी एकदाही टोकलं नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "वहिनी, सूनबाईंनी पेपर वाचून दाखवला. धरण कोरडं पडलंय म्हणे."

दुकानदार माझ्याकडे बघत होता. "हो," मी म्हटलं. "शेरडं चरतायत मधे."

मला वाटलं, आता फोन ठेवतील. मग ते म्हणाले, "चक्रवाक किती म्हणालात?"

"चौदा."

"जोडीनं बसलेत?"

"जोडीनंच," मी म्हटलं.